रंग उतरला आणि ताई आल्या

६ सप्टेंबर, शनिवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुपारी केस रंगवले आणि आता आरशात बघवत नाही. डब्यावर तपकिरी केसांची हसरी बाई होती. माझ्या डोक्यावर आला तो कोळसा. नाटकातल्या राक्षसाला टोप घालतात तशी दिसते आहे. कपाळावर नि कानांमागे डाग पडलेत ते वेगळेच.

घाई नडली. आता पितृपक्ष लागतोय, म्हणजे पंधरवडाभर केसांना कात्री नाही, रंग नाही, पार्लरचं नाव काढायचं नाही. दसरा झाला की सायलीचा साखरपुडा. म्हटलं आजच उरकून घ्यावं. बावन्न वर्षांत केसांना कधी काही लावलं नव्हतं. शेजारच्या अपर्णाने डबा आणून दिला आणि म्हणाली, "अगं, वीस मिनिटांचं काम आहे, टेन्शन मत ले." मी म्हटलं, पांढरे फार आहेत, थोडा जास्त वेळ ठेवावा. मग मालिका बघत बसले आणि विसरले.

हे संध्याकाळी आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं आहे." अकरा वर्षांत ह्यांनी पोह्यांना, होणाऱ्या जावयाच्या नोकरीला आणि माझ्या गुडघ्याच्या एक्स-रेला हेच म्हटलंय.

माझा जीव सायलीपायी वरखाली होतोय. ती माझ्या पोटची नाही, ह्यांच्या पहिल्या बायकोची, प्रतिभाताईंची. ताई गेल्यानंतर दोन वर्षांनी मी बऱ्हाणपूरहून या माधव नगरच्या घरात आले. पहिलं वर्षभर त्या पोरीने मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. मग हळूहळू मावशी म्हणायला लागली. मागच्या महिन्यात इंदूरहून फोन केला आणि म्हणाली, "मावशी, साखरपुड्यात बाबांच्या शेजारी आईच्या जागेवर तू बसशील ना?" मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. म्हणून तर हा उपद्व्याप.

अविधवा नवमीला, ताईंच्या श्राद्धाला, ती येते आहे. तोवर माणसात यायला हवं.

७ सप्टेंबर, रविवार

उशीचा अभ्रा काळा. टॉवेल काळा. आज ग्रहण, दुपारपासून वेध, त्यामुळे डोक्याला हात लावायची सोय नाही. अपर्णा गच्चीवरून म्हणाली, कोंड्याचा औषधी शॅम्पू आण, त्यात खायचा सोडा कालव, खसाखसा धू, रंग उतरतो. तिच्या नणंदेचा उतरला होता म्हणे.

ह्यांना सांगणार नाही. पितर दारात आलेले आणि बाई केसांचे चोचले पुरवत बसली, असं व्हायला नको. उद्यापासून हे रोज सकाळी तर्पणाला रामघाटावर जातील. तेवढा वेळ न्हाणीघर माझं.

८ सप्टेंबर, सोमवार

धुतले. पाणी शाईसारखं वाहिलं. डोकं सोड्याने चरचरतंय, पण कानांमागचे डाग गेले. हुरूप आला.

१० सप्टेंबर, बुधवार

काल दोनदा धुतले. आज अपर्णाच्या नवीन नुस्ख्याप्रमाणे, चघळायच्या संत्र्याच्या चवीच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या असतात त्या कुटून शॅम्पूत कालवल्या आणि तासभर डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून बसले. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, डाळ करपली, पण रंग भराभर उतरला. काळा जाऊन तांबूस तपकिरी झाला. डब्यावरच्या बाईसारखा. मी खूश.

केस पुसत बैठकीत आले आणि जागच्या जागी थांबले.

भिंतीवर ताईंचा फोटो आहे. खिडकीसमोर, चंदनाचा हार घातलेला. लग्न होऊन आले त्या दिवशी पहिला नमस्कार ह्या फोटोला केला होता. ताईंना मी जिवंतपणी पाहिलेलं नाही. माझ्यासाठी ताई म्हणजे हा फोटो. तांबूस गोरा रंग, कथ्थई साडी आणि मेंदी लावल्यासारखे लालसर केस. दरवर्षी नवमीला सवाष्णीला द्यायची साडी मी गोपाळ मंदिराजवळून आणते ती कथ्थईच आणते, त्यांच्या आवडीची म्हणून.

तेच केस आज माझ्या डोक्यावर होते. अगदी तोच रंग. भांग सुद्धा मी न कळत त्यांच्यासारखा पाडला होता.

मग गळ्याकडे हात गेला. आमच्यात दुसरेपणावर मुलगी दिली की गळ्यात सवतीचा टाक घालतात, म्हणजे पहिलीची छोटीशी चांदीची प्रतिमा, तिची बाधा होऊ नये म्हणून. माझ्या आईने हट्टाने करून घेतला होता. परवापर्यंत पांढराशुभ्र असलेला टाक काळाठिक्कर पडलाय.

अक्षर बघा कसं आलंय.

११ सप्टेंबर, गुरुवार

अपर्णा म्हणते, या दिवसांत पितर घराबाहेर जात नाहीत. मग घाईघाईने म्हणाली, "मी आपलं ऐसेच बोलली गं."

माझी आई म्हणायची, सवत मेली तरी घर सोडत नाही. मी तेव्हा हसायचे. आज डोळ्यांत फेस जाऊ नये म्हणून डोळे मिटून डोकं चोळत होते आणि मागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं. वळून बघितलं नाही. नळ तसाच सोडून बाहेर आले.

संध्याकाळी चहा देताना मी दिव्याखाली आले, तर हे माझ्या केसांकडे बघतच राहिले. कप हातात, चहा गार. मग विचारलं, "तुला थकवा वाटतो का?" मी म्हटलं, नाही. "वजन कमी झालंय का?" मी म्हटलं, इतकं चांगलं नशीब कुठलं. हसले नाहीत. उठून आत गेले.

अकरा वर्षं ह्या माणसाने माझ्याकडे असं टक लावून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं ते मला पाहिलं का?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आता लिहितेय ते डोळ्यांनी बघितलेलं आहे.

पहाटे उठले तर न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं. हे उकिडवे बसले होते. मोरीच्या जाळीत अडकलेले माझे केस एकेक करून काढत होते. सोड्याने बरेच गळतायत हल्ली. केस काढून, पाणी निपटून, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळले आणि पुडी सदऱ्याच्या खिशात घातली. वरच्या, छातीवरच्या खिशात. मग भिंतीला हात लावून थोडा वेळ तसेच बसून राहिले.

मी पाय न वाजवता परत येऊन अंथरुणावर पडले. हेही आले. माझ्या उशीवर हळूच हात फिरवला. मी झोपेचं सोंग घेतलं होतं.

ताईंचे केस सापडले त्यांना. माझ्या डोक्यावर सापडले. आता जपून ठेवतायत.

इतकी वर्षं वाटायचं की ह्या माणसाला बोलायचंच नसतं, स्वभाव आहे. माझं डोकं दुखलं तर बाम आणून ठेवतात, पण कपाळाला हात लावत नाहीत. तसेच असतात काही पुरुष, म्हणून सोडून दिलं. तसं नव्हतं. माणूस इथे होताच कुठे? मी नुसती घर सांभाळायला आले होते.

दुपारी पुन्हा धुतले. आता उरलेलाही रंग काढायचा. पांढरी म्हातारी दिसले तर दिसले.

१३ सप्टेंबर, शनिवार

धुवावे तितके लाल होतायत. काळा उतरला तसा हा का नाही उतरत?

आज आणखी एक झालं. दरवर्षी नवमीला ताईंच्या नावाने सवाष्ण म्हणून अपर्णा जेवायला बसते. तिच्या दिरांचे सासरे का कोण वारले, तिला सुतक आलं असं ती म्हणते. मला वाटतं घाबरली. श्रीनाथ गुरुजी सामानाचं सांगायला आले होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "इतना क्या सोचायचं? घरात सवाष्ण आहे. वासंतीबाईच बसतील ताईंच्या पाटावर. चालतं."

मी काही म्हणायच्या आत हे उठून उभे राहिले. आवाज चढवून म्हणाले, "नाही. हिला त्या पाटावर बसवायचं नाही."

ह्यांचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता. शेवटी गुरुजी म्हणाले, बरं, आमच्या घरातून पाठवतो.

झालं. कळलं मला माझी जागा कुठली ती. केस चालतात, खिशात ठेवायला चालतात, पण पाट त्यांचाच. वर्षात एक दिवस, एका पानापुरतीसुद्धा माझी लायकी नाही. आणि मी वेडी साखरपुड्यात ताईंच्या जागेवर बसायची स्वप्नं बघत होते.

खूप राग आलाय. रागाखाली काय आहे ते लिहीत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आज भांडी घासायचा साबण लावला. हो, तोच, लिंबाच्या वासाचा. डोक्याची आग झाली. डावीकडचा एक अख्खा झुबका हातात आला. झुबक्याकडे बघितलं आणि मग आरशात. चेहरा ओढलेला, डोळे खोल, केस विरळ आणि लाल. म्हटलं, ताई, काय हवंय तुम्हाला? मी तर तुमचं काही घेतलेलं नाही. तुमच्या भांड्यांवरची नावंसुद्धा मी खोडली नाहीत.

हे सगळं मी मोठ्याने म्हणाले. आता कागदावर बघून स्वतःचीच भीती वाटते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात.

संध्याकाळी सायली आली. हे नानाखेड्याला बसस्टँडवर घ्यायला गेले होते. मी दारात डोक्यावरून पदर घेऊन उभी. "काय गं मावशी, एकदम मारवाडी बहू?" म्हणाली. मी म्हटलं, सर्दी झालीय. जेवताना बापलेकीत काहीतरी खुसुरफुसुर चाललेली होती, मी वाढायला आले की गप्प व्हायचे. तिने पाहिलं तर काय म्हणेल? म्हणेल, आईची जागा द्यायला निघाले तर ही आईचं रूपच घेऊन बसली.

१५ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी

सगळं नीट लिहायचंय, क्रम चुकू द्यायचा नाही.

सकाळपासून स्वयंपाक. खीर, वडे, आमसुलाची चटणी, अळूच्या वड्या. गुरुजींच्या पत्नी ताईंच्या पाटावर बसल्या, जेवल्या, मी ओटी भरली, कथ्थई साडी दिली. हे सबंध वेळ खाली बघत होते. मी पदर घट्ट धरून वाढत होते.

सगळं आवरल्यावर सायलीने मला मागच्या ओसरीत ओढलं. "पदर काढ. सर्दीबिर्दी काही नाही तुला."

काढला. ती नुसती बघत राहिली. मला रडू फुटलं. म्हटलं, "मुद्दाम नाही गं केलं. मला तुझ्या आईसारखं व्हायचं नव्हतं. धुवायला गेले तर हाच रंग निघाला. त्याच आल्यात गं माझ्या केसांत."

"आईसारखा? कुठला आईसारखा?"

मी बैठकीकडे बोट दाखवलं. तिने दारातून फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आधी तिला हसूच आलं. मग चेहरा बदलला. "मावशी, तो फोटो लाल पडलाय. खिडकीसमोर ऊन खाऊन खाऊन. तू आलीस तेव्हाच पडायला लागला होता." मोबाइल काढून तिने मला तोच फोटो दाखवला. मामाकडच्या अल्बममध्ये राहिला होता, परवाच त्यांनी पाठवलेला. तीच मान, तेच हसू. पण ताई सावळ्या. माझ्याहून थोड्या सावळ्याच. केस काळेभोर. आणि साडी मोरपंखी.

मोरपंखी. आणि मी अकरा वर्षं कथ्थई साड्या वाटल्या. अकरा वर्षं माझा सावळा हात त्यांच्या तांबूस गोऱ्या रंगाशी ताडून पाहिला. अशी बाई ह्या घरात कधी नव्हतीच.

"तुम्ही कुणी बोलला का नाहीत?" मी विचारलं. म्हणाली, "तू किती मन लावून आणायचीस ती साडी. आणि बाबा तर त्या फोटोकडे बघतच नाहीत. तुझ्या लक्षात नाही आलं?"

नाही आलं. मी फोटोकडे बघत असायचे ना.

मग तिने खोबरेल कोमट केलं आणि माझ्या डोक्याला लावायला बसली. टाकाचं विचारलं, तर शॅम्पूची बाटली उलटी करून वाचलं. त्यावर बारीक अक्षरात दिलंय, चांदीचे दागिने काढून ठेवा म्हणून. चष्मा न लावता औषध लावणाऱ्या बाईचं असंच होणार. तेल लावता लावता केस तिच्या बोटांत यायला लागले. एकदा आले, दुसऱ्यांदा आले. तिचे हात थांबले.

"बाबांनी बघितलं हे?"

मी म्हटलं, बघितलं म्हणजे काय, ते जपून ठेवतायत. मोरीचं सांगितलं, पुडीचं सांगितलं, पाटाचंही सांगितलं. जरा फणकाऱ्यानेच सांगितलं.

तिने बोटांतले केस मुठीत घेतले. मग म्हणाली, "आईचे कॅन्सरच्या औषधांनी केस जायचे ना, तेव्हा बाबा असेच पहाटे उठायचे. जाळी साफ करायचे, उशी झटकायचे. आईला दिसू नये म्हणून. मी जागी असायचे, मला दिसायचं." मग माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून म्हणाली, "काल बसस्टँडवर मला म्हणाले, तुझ्या मावशीचं काहीतरी बिनसलंय. केसांचा रंग जातोय, गळतायत, वाळलीय. मी म्हटलं, विचारा ना तिला. तर म्हणाले, मी एकदा विचारलं होतं एकीला."

तेल कानावर ओघळत होतं. मी पुसलं नाही.

हे आत पलंगावर पाठमोरे बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "अहो, मी सोडा लावत होते डोक्याला. खायचा सोडा. रंग फार काळा झाला होता म्हणून. काल तर भांड्यांचा साबण लावला. म्हणून गळतायत."

"सोडा?" हे म्हणाले.

"सोडा. आणि संत्र्याच्या गोळ्या."

ह्यांनी खिशातून पुडी काढली. एक नव्हे, रोजची वेगळी. हातात धरून बसले. म्हणाले, "डॉक्टरला दाखवायला ठेवले होते." मग म्हणाले, "मेलेल्या माणसाचं पान असतं ते, वासंती. त्या पाटावर तुला कसं बसवू?"

मी शेजारी बसले. ह्यांचा हात गार पडला होता, तो धरला. सायली दारात आली होती, ती परत गेली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सायली सकाळच्या बसने गेली. जाताना म्हणाली, घट बसले की पार्लरवाली बघून घेईल केसांचं, आणि नाही जमलं तर पांढऱ्या केसांनी बस, पण बसायचं तूच. फोटोची नवी प्रत ती इंदूरहून करून पाठवणार आहे. ह्यावेळी खिडकीसमोर लावायचा नाही.

मला वाटलं होतं, सगळं कळल्यावर ह्यांच्या जिवाला स्वस्थता येईल. सकाळी मी चहा टाकायला गेले तर म्हणाले, "आज चहा नाही. उपाशीपोटी रक्त द्यायचंय तुला." मी म्हटलं, अहो, सोडा होता तो. म्हणाले, "हो, सोडाच असेल. तरी चल."

गेले. वाद घातला नाही. सुई टोचली तेव्हा हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होते. मी त्या रक्त काढणाऱ्या पोरीला म्हटलं, काय काय तपासायचंय ते सगळं तपास गं बाई, पुन्हा फेरा नको.

१८ सप्टेंबर, गुरुवार

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन जरासं कमी, बाकी सगळं ठीक. ह्यांनी उभ्याने वाचले, मग बसून वाचले, मग चष्मा पुसून पुन्हा वाचले. म्हणाले, "बरं आहे." मी हसायला लागले, तर ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

टाक राखेने घासून पुन्हा गळ्यात घातला. काढून ठेवावा असं एकदा मनात आलं होतं. मग म्हटलं, असू दे. ताई माझ्या मागे कधी लागल्याच नव्हत्या. त्यांचं सगळं दुखणं ह्यांच्याजवळ राहिलंय, आणि मी त्याच घरात अकरा वर्षं स्वतःच्या गोऱ्या-काळ्या रंगाचा हिशेब करत बसले होते. मीच तेवढी डोळ्यांनी आंधळी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पहाटे जाग आली. बाहेर अजून अंधार होता. हे उठून बसले होते आणि माझ्या डोक्यापाशी वाकून उशीवर हात फिरवत होते. दोन-चार केस असतील, ते चिमटीत धरून रात्रीच्या छोट्या दिव्याच्या उजेडाकडे नेऊन बघितले.

मी पुन्हा डोळे मिटले आणि त्यांना नीट दिसावं म्हणून मान जराशी वळवली.